ईसीजी नॉर्मल, मग परत रक्त कशाला?

छातीत दुखतंय म्हणून आणलेल्या रुग्णाचा ईसीजी नॉर्मल आला की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. दोन-तीन तासांनी नर्स पुन्हा रक्त काढायला आली की लगेच शंका येते, बिल फुगवताहेत की काय? पण नॉर्मल ईसीजीवरून हृदयविकाराचा झटका नाही असं ठामपणे सांगता येत नाही. हृदयाची मोठी धमनी गुठळीने पूर्ण बंद झाली तर बहुतेकदा ईसीजीच्या आलेखातली एसटी नावाची रेषा वर उचललेली दिसते. मग रक्ताच्या रिपोर्टची वाट कोणी पाहत नाही, धमनी उघडायची धावपळ सुरू होते. धमनी अर्धवट चोंदली असेल तर मात्र आलेख साफ दिसू शकतो. तिथे रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन, मोजावं लागतं.

1960च्या दशकात जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी स्नायूत शोधलेलं हे प्रथिन मोठं झकास आहे. ॲक्टिन आणि मायोसिनचे तंतू एकमेकांवरून सरकले की स्नायू आखडतो. एरवी ॲक्टिनवरच्या पकडीच्या जागा ट्रोपोमायोसिन या दुसऱ्या प्रथिनाने झाकलेल्या असतात. ट्रोपोनिनचा टी भाग या ट्रोपोमायोसिनला धरून असतो, आय भाग आखडणं रोखतो आणि सी भागाला कॅल्शियम चिकटलं की सगळी जुळणी हलून त्या जागा उघड्या पडतात. हृदयाच्या दर ठोक्याला हे घडतं. यातले टी आणि आय हृदयात वेगळ्या घडणीचे असतात, हातापायांच्या स्नायूंतल्यासारखे नसतात. म्हणून तेच रक्तात शोधायचे.

पेशी मेली की आधी तिच्यात सुटं असलेलं थोडंसं ट्रोपोनिन बाहेर पडतं. तंतूंना जखडलेलं बाकीचं नंतर कित्येक दिवस झिरपत राहतं. दुखणं सुरू होऊन तासही झाला नसेल तर पहिला आकडा नॉर्मल येऊ शकतो. हल्लीच्या अतिसंवेदनशील चाचण्या लिटरमागे काही नॅनोग्रॅमसुद्धा पकडतात, तरी एका आकड्यावर भागत नाही. जुन्या मूत्रपिंडविकारात तो कायमच थोडा चढलेला असतो, पण दोन नमुन्यांत फारसा हलत नाही. ताज्या इजेत हलतो, म्हणून परत रक्त.



आकडा हलला म्हणजे गुठळीच झाली असंही नाही. तापाने फणफणलेला, वरचा रक्तदाब 80 वर घसरलेला, धाप लागलेला रुग्ण घ्या. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादाने अवयव बिघडतात तेव्हा, हृदयाची ऑक्सिजनची गरज वाढते, पुरवठा घटतो, शिवाय दाहाचा मारा असतोच. ट्रोपोनिन चढतं. अशा वेळी ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहतात, पेशींना ऑक्सिजन कमी पडतोय का हे कळायला रक्तातलं लॅक्टेट मोजतात, जंतू शोधायला ब्लड कल्चर पाठवतात आणि अँटिबायोटिक सुरू करतात. ईसीजी-इकोत धमनी बंद झाल्याची खूण नसेल तर केवळ या आकड्यापायी रुग्णाला अँजिओग्राफीला नेत नाहीत, आधी संसर्ग आणि रक्तदाब आटोक्यात आणतात.