पोलीस–नागरिक सहकार्य (इंदूर)

इंदूर शहरातील पोलीस ठाणी आणि त्यांच्या हद्दीतील रहिवासी यांच्यात गस्त, उत्सवांचा बंदोबस्त व स्थानिक तंट्यांचे निवारण यांसाठी चालणारी सहकार्याची व्यवस्था. नगर सुरक्षा समिती, शांतता समिती आणि बीटनिहाय (गस्तीच्या ठरावीक टापूनुसार) संपर्क ही तिची मुख्य अंगे होत.

कायद्यात ही कल्पना जुनीच आहे. 1861 च्या पोलीस अधिनियमातील कलम 17 अन्वये रहिवाशांची विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमणूक करता येते आणि नेमणूक विनाकारण नाकारणाऱ्यास कलम 19 प्रमाणे 50 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; म्हणजे मुळात हे सहकार्य सक्तीचे होते. मध्य प्रदेशाने 1999 मध्ये ग्राम तथा नगर रक्षा समिती अधिनियम करून स्वयंसेवकांच्या समित्यांना कायद्याचा आधार दिला. नगर सुरक्षा समितीचे सदस्य गस्तीत, वाहतूक नियंत्रणात व मिरवणुकांत पोलिसांना मदत करतात. मात्र ते पोलीस नव्हेत, आणि ओळखपत्राच्या जोरावर मोहल्ल्यात रुबाब करणारा सदस्य समितीची पत घालवतो, हेही तितकेच खरे.

या व्यवस्थेची खरी परीक्षा उत्सवांत होते. रंगपंचमीला राजवाडा परिसरातून निघणारी गेर (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) यांना लोटणारी गर्दी केवळ पोलीसबळावर आवरणे अशक्य आहे. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली तरी तिच्या नावाची झांकी निघत राहिली. मार्ग, क्रम, ध्वनिक्षेपक आणि गल्लीबोळांतील अडथळे यांविषयी मंडळांचे कार्यकर्ते व ठाण्याचे टीआय (ठाणे प्रभारी) बैठकीत आधीच ठरवतात. कोणत्या वळणावर मोठा देखावा अडकतो, कोणत्या दोन मंडळांत जुनी कुरबुर आहे, ही माहिती ठाण्याच्या नोंदवहीपेक्षा कार्यकर्त्यांपाशी अधिक असते. म्हणूनच ऐन सणाच्या तोंडावर उपचारापुरती बोलावलेली शांतता समिती फारसे काही साधत नाही.

एरवीच्या दिवसांत संबंध येतो तो बीटवरील हवालदाराशी. सुदामानगर, लोकमान्यनगर यांसारख्या मराठी वस्तीच्या भागांत मुले पुण्या-मुंबईला वा परदेशी गेल्यामुळे एकटे राहणारे काका-काकू, भंवरकुआ परिसरात शिकवणी वर्गांसाठी आलेल्या विद्यार्थ्यांना खोल्या देणारे घरमालक, अशांना तो नावानिशी ओळखत असेल तर उपयोग. त्याची वारंवार बदली झाली की ओळख पुन्हा शून्यापासून करावी लागते. साक्ष देण्याबाबत मात्र नागरिक अद्याप मागेच राहतात. झडतीच्या वेळी परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवावेत, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 103 सांगते, पण कोर्टाच्या फेऱ्यांच्या धास्तीने लोक पाय मागे घेतात. त्यांच्या जागी ठाण्याच्या परिचयातला तोच तो माणूस प्रत्येक पंचनाम्यावर उभा करणे हे सहकार्य नव्हे. अशा पंचाच्या स्वतंत्रपणाविषयी बचाव पक्ष न्यायालयात हमखास प्रश्न उपस्थित करतो.

9 डिसेंबर 2021 पासून इंदूर व भोपाळ येथे पोलीस आयुक्तालय पद्धती लागू झाली आणि पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांकडे असलेले कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अनेक अधिकार शहरात पोलिसांकडे आले. त्यामुळे भाडेकरूंची माहिती ठाण्यात देण्यासारख्या गोष्टींबाबत प्रतिबंधात्मक आदेश काढणारे आणि त्यांच्या पालनासाठी सहकार्य मागणारे आता एकच आहेत. निर्णय जलद होतात हा लाभ निर्विवाद. परंतु आदेश जाचक वाटल्यास दाद मागायला पोलिसांबाहेरचे जे जवळचे दार होते, ते नागरिकांसाठी दूर गेले आहे.