‘जावास्क्रिप्टला मराठी कळत नाही’ : खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जावास्क्रिप्ट (वेबपानांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) शिकणाऱ्या नवशिक्यांना अजूनही सांगितलं जातं, ‘कोडमध्ये मराठी मोडतं, सराव इंग्रजी शब्दांवरच करा.’ हे साफ चुकीचं आहे.

शब्द उलटा करण्याचा नेहमीचा प्रश्न घ्या. ‘निपाणी’ची लेंग्थ (कोडने मोजलेली लांबी) ३ नाही, ६ येते, कारण काना-वेलांटी वेगळी मोजली जाते: न, ि, प, ा, ण, ी. रिकाम्या अवतरणावर स्प्लिट करून (म्हणजे एकेक चिन्ह सुटं करून) रिव्हर्स केलं की शेवटची वेलांटी एकटीच पुढे येते, बाकीच्या भलत्याच अक्षरांना चिकटतात. दोष तोडण्याच्या पद्धतीत आहे. जावास्क्रिप्टच्याच ‘इंटल’ (Intl) या भाषांसाठीच्या साधनसंचामधला सेगमेंटर (मजकुराचे तुकडे करणारं साधन) ‘ग्राफीम’वर, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण अक्षरावर लावा, नि, पा, णी असे ३ तुकडे मिळतात आणि उलटं ‘णीपानि’ नीट येतं.

पानावर भलतीच चिन्हं दिसली तर? एचटीएमएल पानाच्या हेड या वरच्या भागात अगदी सुरुवातीला मेटा चारसेट यूटीएफ-८ (मराठीसह सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) लिहा, फाइलही त्यातच सेव्ह करा.