पॉवर स्टेअरिंगचे ऑइल नेमके कुठून गळते?

दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीच्या पुढच्या भागाखाली लालसर तेलाचे डाग दिसू लागले आणि बॉनेट उघडल्यावर पॉवर स्टेअरिंगच्या टाकीतली पातळी किमान खुणेच्या खाली गेलेली आढळली, की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर वरून ऑइल ओतत ओतत गाडी तशीच चालवली जाते, नाही तर गॅरेजमध्ये सरसकट रॅकच, म्हणजे स्टेअरिंगच्या फिरण्याने डावी-उजवीकडे सरकून पुढची चाके वळवणारा भागच, बदलून टाकण्याचा सल्ला मिळतो. रॅक हा या यंत्रणेतला महागड्या भागांपैकी एक, आणि पुष्कळदा दोष त्याच्यात नसतोच. गळतीची जागा शोधायला मोठी उपकरणे लागत नाहीत. ऑइल केव्हा बाहेर येते, म्हणजे गाडी रात्रभर उभी असताना, इंजिन नुसते चालू असताना की स्टेअरिंग वळवताना, एवढे नीट पाहिले तरी शोधाचा बराच भाग पार पडतो.

ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या स्टेअरिंगचे प्रात्यक्षिक फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ मध्ये दाखवले आणि १९५१ मध्ये क्रायस्लर इंपीरियलमधून ते विक्रीच्या मोटारींत आले. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत विजेच्या मोटरवर चालणारे स्टेअरिंग असते, त्यामुळे तिथे ऑइलच नसते. परंतु २००२ ची स्कॉर्पिओ, २००५ मध्ये भारतात आलेली पहिली इनोव्हा आणि त्या काळातल्या इतर अनेक गाड्या ऑइलवरच चालतात आणि त्यांतल्या पुष्कळ अजूनही आपल्याकडच्या घाटरस्त्यांवर रोज धावत आहेत.

या यंत्रणेत इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप टाकीतून ऑइल ओढतो, जाड प्रेशर पाइपातून ते रॅकमधल्या झडपेकडे ढकलतो आणि काम झालेले ऑइल रिटर्न पाइपाने टाकीत परत येते. स्टेअरिंग सरळ असताना झडप मोकळी असते, त्यामुळे पंपाला फारसा जोर लावावा लागत नाही आणि प्रेशर पाइपातही दाब काही बारच (बार हे दाब मोजण्याचे एकक) असतो. चालक स्टेअरिंग फिरवू लागला, की झडपेतली लवचीक पोलादी सळई किंचित पिळली जाते, ऑइलची वाट एका बाजूला उघडते, दुसऱ्या बाजूला आवळली जाते आणि रॅकमधल्या दट्ट्याच्या एका अंगाला दाब चढतो. स्टेअरिंग एका टोकाला नेऊन धरले तर हा दाब ७० ते १०० बारपर्यंत, काही गाड्यांत त्याहूनही वर जातो. टायरमध्ये साधारण २ बार दाब असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अंदाज येईल. पंपाच्या मागच्या बाजूला, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या ओढपाइपात, इंजिन चालू असताना दाब वातावरणापेक्षाही कमी असतो.

एकाच ऑइलच्या फेऱ्यात असे तीन वेगळे दाब नांदत असल्यामुळे प्रत्येक ठिकाणची गळती वेगळ्या वेळी दिसते. गाडी रात्रभर उभी असताना पंप बंद असतो आणि ऑइलवर गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरा जोर नसतो, म्हणून सकाळी खाली दिसणारा डाग बहुधा टाकीची तडा गेलेली कड, ओढपाइपाची सैल क्लिप किंवा मऊ पडलेला रिटर्न पाइप यांच्याकडे बोट दाखवतो. उभ्या गाडीखाली जमीन कोरडी, पण फिरून आल्यावर मात्र ओल, असे असेल तर संशय प्रेशर पाइप, पंपाच्या दांड्याचे सील (ऑइल अडवणारे रबरी कडे) किंवा रॅकची सील यांच्यावर घ्यावा. स्टेअरिंग टोकाला नेल्यावरच थेंब सुटत असतील, तर प्रेशर पाइपाच्या टोकाशी जिथे रबर आणि धातू दाबून जोडलेले असतात ती जागा सर्वांत आधी पाहावी.

यातही एक गळती अशी असते, की ती बाहेर येण्याऐवजी आत जाते, आणि माझ्या मते सर्वाधिक फसगत तिच्यामुळेच होते. ओढपाइपाचा जोड किंवा पंपाच्या तोंडाचे रबरी कडे झिजले, तर इंजिन चालू असताना तिथून ऑइल गळत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. ऑइलमध्ये बारीक बुडबुडे मिसळून फेस होतो, पंप स्टेअरिंग वळवताना घूंऽऽ असा आवाज करू लागतो, फुगलेले ऑइल टाकीच्या झाकणाखालून उतू जाते आणि सगळी टाकी बाहेरून ओली दिसते. पाहणारा झाकण किंवा टाकी बदलतो आणि दोष तसाच राहतो. टाकीतले ऑइल दुधट किंवा फेसाळ दिसत असेल, तर आधी ओढपाइपाचे दोन्ही जोड तपासावेत.

सील जुनी का होतात, हा या विषयातला सर्वांत रंजक भाग आहे. फिरत्या दांड्याभोवतीच्या ऑइल सीलची रबरी ओठासारखी कड दांड्याला घट्ट चिकटून बसते आणि त्यामुळे ऑइल अडते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्या कडेच्या आणि दांड्याच्या मध्ये साधारण एक मायक्रॉनच्या आसपास जाडीचा ऑइलचा पापुद्रा असतो आणि रबराच्या पृष्ठभागावरचे अतिसूक्ष्म उंचवटे दांडा फिरताना त्या ऑइलला सतत आतल्या बाजूला परत ढकलत असतात. इंजिनच्या उष्णतेने वर्षानुवर्षे भाजून रबर कडक झाले, की हे उंचवटे गुळगुळीत होतात, कडेचा लवचीकपणा जातो आणि परत ढकलण्याचे काम थांबते. कडक झालेले रबर थंडीत आणखी आकसते, म्हणून हिवाळ्यात पहाटे गळणारी गाडी इंजिन तापल्यावर गळायची थांबते, असा अनुभव येतो. याउलट पाइपातल्या बारीक भेगेतून गरम आणि पातळ झालेले ऑइलच जास्त झिरपते. जुन्या सीलने दांड्यावर बारीक खाच पाडलेली असली, तर नवे सीलही त्याच जागी बसल्यावर लवकरच गळू लागते. म्हणून सील काढल्यावर दांड्यावरून नख फिरवून पाहावे आणि नख अडकले तर नुसत्या सील किटवर भागेल अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रत्यक्ष तपासणीची सुरुवात स्वच्छतेपासून करावी. ऑइल जिथे दिसते तिथूनच ते गळते असे नाही, कारण चालत्या गाडीतला वारा ते मागे उडवतो, पट्टा ते सभोवती शिंपडतो आणि उरलेले खालच्या प्रत्येक भागावर ओघळते. इंजिन थंड असताना पंप, पाइप आणि रॅक फडक्याने व डीग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) स्वच्छ पुसून कोरडे करावेत, टाकी योग्य खुणेपर्यंत भरावी आणि खाली स्वच्छ पुठ्ठा पसरावा. मग इंजिन चालू करून दुसऱ्या व्यक्तीला स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगावे. मात्र टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये, कारण त्या स्थितीत पंपातले ऑइल झपाट्याने तापते. ओल पहिल्यांदा सर्वांत वर जिथे उमटते, तीच बहुधा गळतीची जागा असते. दाबाखालच्या पाइपावरून बोट मात्र कधीही फिरवू नये. सूक्ष्म भोकातून सुटलेली ऑइलची चिळकांडी कातडी भेदून आत शिरू शकते आणि वरून किरकोळ दिसणारी ती जखम तातडीच्या शस्त्रक्रियेपर्यंत जाते. गरम एक्झॉस्टवर ऑइल पडून धूर येत असेल, तर आग लागण्याचा धोका असतो, त्यामुळे तपासणी थांबवून इंजिन बंद करावे.

रॅकच्या दोन्ही टोकांवरचे घड्यांचे रबरी बूट वेगळे तपासावे लागतात. बूट हाताने दाबल्यावर आत ऑइल डचमळत असेल, तर रॅकच्या आतले सील गेलेले आहे. अनेक रॅकमध्ये दोन्ही बूट हवेच्या एका बारीक नळीने जोडलेले असतात आणि वळताना त्या नळीतून ऑइलही पलीकडे जाऊ शकते, म्हणून डावा बूट भरलेला आढळला तरी दोष उजव्या टोकाचा असू शकतो. पावसाळ्यात फाटक्या बुटातून चिखलपाणी आत गेले, की रॅकच्या दांड्यावर गंजाचे खड्डे पडतात आणि ते खड्डे प्रत्येक वळणाला सीलची कड कुरतडतात; अशा वेळी रॅक बदलण्याचा सल्ला योग्यच ठरतो. चालकाच्या पायाशी, स्टेअरिंगचा दांडा खाली उतरतो तिथे ऑइल दिसले, तर ते झडपेच्या वरच्या सीलचे असण्याची शक्यता जास्त. एवढे करूनही जागा सापडली नाही, तर ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. काही दिवस गाडी चालवून अतिनील दिव्याखाली पाहिल्यास गळतीचा माग स्पष्ट उजळतो.

खाली पडलेला द्रव खरोखर स्टेअरिंगचाच आहे ना, हेही पाहायला हवे. अनेक गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचेच लाल ऑइल वापरतात, काही जर्मन गाड्यांत हिरवे, तर होंडा स्वतःचे वेगळे ऑइल सांगते. जुने झाल्यावर ते तपकिरी पडते आणि इंजिन ऑइलसारखे दिसू लागते. रेडिएटरचा कूलंट पाण्यासारखा पसरतो आणि त्याला गोडसर वास येतो. टाकीत ब्रेक ऑइल चुकूनही ओतू नये, कारण त्यातल्या ग्लायकॉलमुळे स्टेअरिंगच्या नायट्राइल रबराची सील फुगून निकामी होतात. गळती थांबवणारी म्हणून विकली जाणारी द्रव्ये सील थोडी फुगवून काही काळ झिरपणे कमी करतात. चिरलेल्या पाइपावर त्यांचा उपयोग नाही.

पाइप किंवा सील बदलल्यावर यंत्रणेत शिरलेली हवा काढावी लागते. पुढची चाके स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा सावकाश फिरवावे आणि टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत ऑइलची भर घालत राहावे. त्यानंतरच इंजिन चालू करावे, कारण आधीच चालू केले तर पंप हवेचा फेस करतो आणि तो निवायला बराच वेळ लागतो. पातळीची खूण थंड आणि गरम ऑइलसाठी वेगवेगळी असते. आठवडाभर रोज सकाळी थंड खुणेशी पातळी ताडून पाहिली आणि ती हलली नाही, तर दुरुस्ती टिकली असे समजावे.