ठणकणारी दाढ बधिर का होत नाही?

‘‘दोन इंजेक्शनं टोचली, तरी कळ पार डोक्यात जात होती. औषधच पाणचट असणार!’’ शेजारच्या काकू परवा गालावर हात धरून सांगत होत्या. दाढेच्या मुळाशी पू झालेल्या अनेकांची हीच तक्रार असते आणि दोष जातो डॉक्टरांच्या माथी. कारण मात्र शाळेत शिकलेल्या सामूत, म्हणजे पीएचमध्ये, आहे.

दाताच्या दवाखान्यात जागा बधिर करायला बहुधा लिग्नोकेन वापरतात. स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी ते 1943 साली तयार केलं. कळ म्हणजे चेतातंतूवरून धावणारा विजेचा स्पंद. तंतूच्या आवरणातली दारं उघडतात, सोडियमचे धनभारित आयन आत घुसतात आणि स्पंद पुढे सरकतो. लिग्नोकेन ही दारं अडवतं, तेही मुख्यतः आतल्या बाजूने.

म्हणजे आधी आवरण ओलांडायला हवं. ते स्निग्ध पदार्थांचं असतं. मीठ तेलात विरघळत नाही, तशी भारित रेणूला त्यातून वाट मिळत नाही. लिग्नोकेन हा सौम्य आम्लारी. त्याचे काही रेणू हायड्रोजन आयन पकडून धनभारित होतात, काही उदासीन राहतात. हे उदासीन रेणू आवरणातून आत शिरतात. आत गेल्यावर त्यांतले बरेचसे पुन्हा हायड्रोजन आयन उचलतात आणि भारित होऊन दारात ठाण मांडतात. प्रवासाला एक रूप, कामाला दुसरं! रसायनशास्त्र शिकवताना मला हा रेणू सगळ्यांत जास्त आवडतो.

हे पडताळूनही पाहिलेलं आहे. लिग्नोकेनच्या रेणूत बदल करून क्यूएक्स-314 हा कायमचा भारित रेणू बनवला गेला. तंतूच्या बाहेर सोडला तर तो निष्प्रभ ठरतो; आत सोडला की स्पंद थांबतो.

आता हिशेब करू. लिग्नोकेनचा पीकेए 7.9, म्हणजे एवढ्या सामूला निम्मे रेणू भारित आणि निम्मे उदासीन. निरोगी ऊतीचा सामू 7.4. फरक 0.5 आणि 10 चा 0.5 वा घात सुमारे 3.2. एका उदासीन रेणूमागे 3.2 भारित, म्हणजे आत जाऊ शकणारे साधारण 24 टक्के. पू झालेली जागा आम्लधर्मी असते, म्हणजे तिथे हायड्रोजन आयन जास्त आणि सामू कमी. तिथला सामू 6.4 पर्यंत उतरला तर फरक 1.5, गुणोत्तर सुमारे 32 आणि आत जाऊ शकणारे रेणू जेमतेम 3 टक्के. औषध तेवढंच, उपयोगी पडणारा वाटा मात्र आठपट कमी. त्यात सुजेमुळे वाढलेला रक्तप्रवाह औषध लवकर वाहून नेतो.

काकूंनी दाढ इतके महिने अंगावर का काढली? वरची दाढ काढली की नजर अधू होते, असं कुणीतरी सांगितलं होतं म्हणून. दातांच्या संवेदना ट्रायजेमिनल चेतेतून मेंदूकडे जातात आणि दृष्टीची चेता पूर्णपणे वेगळी आहे. या खुळ्या भीतीपायी माणसं पू साठवत बसतात, याचा मला मनापासून राग येतो.

डॉक्टरांनी त्या दिवशी दाढ काढायचं थांबवलं, पू वाहून जायला वाट करून दिली आणि प्रतिजैविकं सुरू केली. आठवड्याने काकू त्याच खुर्चीत बसल्या. औषधही तेच होतं. या वेळी एकच इंजेक्शन पुरलं. दाढ हलवताना दाब कळत होता, म्हणाल्या, कळ नाही. दाबाची जाणीव नेणारे जाड तंतू उशिरा बधिर होतात, कळ नेणारे बारीक तंतू आधी.