छायाचित्र संपादनासाठी मॉनिटर

छायाचित्राचा रंग, उजेड आणि बारकावे यांबाबतचे निर्णय ज्याच्यावर विसंबून घेता येतात असा संगणक मॉनिटर. खेळासाठी किंवा चित्रपटासाठी घेतलेल्या पडद्यावर चित्र उठावदार दिसले की काम भागते. संपादनाच्या पडद्याने मात्र फाइलमध्ये आहे तेच दाखवायचे असते, मग ते फिके का असेना. पडदा निळसर असला की संपादक नकळत चित्रात पिवळा वाढवत जातो आणि छापून आलेले चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात.

एलसीडी पॅनेलचे (चित्र उमटवणाऱ्या थराचे) मुख्य प्रकार तीन. टीएन पॅनेल स्वस्त असते, पण मान जरा खाली-वर केली तरी सावल्यांचा गडदपणा बदलतो. या कामाला ते बाद समजावे. व्हीए पॅनेलचा काँट्रास्ट (सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या छटेचे गुणोत्तर) ३०००:१ च्या आसपास असल्याने काळा रंग खोल दिसतो, मात्र बाजूने पाहताना गडद छटा उजळतात. १९९६ च्या सुमारास हिताची कंपनीने विकसित केलेले आयपीएस पॅनेल कोनानुसार फारसे बदलत नाही, म्हणून संपादनासाठी तेच रूढ झाले. त्याचा काँट्रास्ट साधारण १०००:१ एवढाच असतो आणि अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यांवर धुरकट चमक दिसते. हा पॅनेलचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. एलसीडीहून वेगळ्या, प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देणाऱ्या ओलेडचा काळा सर्वांत अस्सल, परंतु संपादन सॉफ्टवेअरच्या पट्ट्या तासन्‌तास एकाच जागी राहतात आणि त्यांचा डाग पडद्यावर कायमचा बसू शकतो.

जाहिरातींत सर्वाधिक घोळ रंगपल्ल्याच्या, म्हणजे पडदा कुठवरचे रंग दाखवू शकतो याच्या, आकड्यांचा असतो. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेला एसआरजीबी हा पल्ला आजही वेबचा पाया आहे. १९९८ चा अ‍ॅडोबी आरजीबी त्याहून मोठा. त्याची वाढ मुख्यतः हिरव्या आणि मोरपंखी छटांकडे आहे, आणि ऑफसेट छपाईच्या शाईला त्यांतल्या काही छटा साधतात. पी३ हा पल्ला डिजिटल सिनेमातून आला आणि तो लाल रंगाकडेही वाढलेला आहे. ‘१२५ टक्के एसआरजीबी’ असे लिहिलेले असले तर तो बहुधा क्षेत्रफळाचा आकडा असतो. पल्ला मोठा असूनही एसआरजीबीचा एखादा कोपरा त्याच्या बाहेर राहू शकतो, म्हणून ‘कव्हरेज’, म्हणजे एसआरजीबीचा किती भाग पडद्यात मावतो, ते विचारावे. ‘७२ टक्के एनटीएससी’ (जुन्या अमेरिकी टीव्ही मानकाचा पल्ला) म्हणजे ढोबळमानाने पूर्ण एसआरजीबी. स्वस्त लॅपटॉपवरील ‘४५ टक्के एनटीएससी’ म्हणजे त्याचा जेमतेम तीन पंचमांश भाग, आणि अशा पडद्यावर रंगाचा निर्णय घेऊच नये.

मोठा पल्ला सर्वांनाच लागतो असे नाही. लग्नाचे अल्बम छापणाऱ्या बहुतेक लॅब एसआरजीबीतील जेपेग फाइलच मागतात. त्या कामाला शंभर टक्के एसआरजीबीचा चांगला आयपीएस पुरतो. अ‍ॅडोबी आरजीबीचा खर्च दहा-बारा शाईंच्या इंकजेटवर कलाप्रती छापणाऱ्यांना किंवा ऑफसेटच्या पुस्तकांवर काम करणाऱ्यांना परवडतो. शिवाय मोठ्या पल्ल्याचा एक त्रास आहे: रंगव्यवस्थापन (फाइल आणि पडद्याच्या पल्ल्यांची सांगड) न पाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये साधी एसआरजीबी चित्रे भडक दिसतात. त्यासाठी मॉनिटरच्या मेन्यूत नीट चालणारा एसआरजीबी मोड आहे का, हे आधीच पाहावे.

आठ बिटांच्या (प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्यांच्या) पॅनेलवर सुमारे १.६७ कोटी रंग दिसतात, दहा बिटांवर सुमारे १०७ कोटी. फरक जाणवतो तो आभाळाच्या किंवा स्टुडिओतल्या पार्श्वभूमीच्या संथ उतारावर, जिथे आठ बिटांत पट्टे उमटू शकतात. बऱ्याच ‘दहा बिट’ पॅनेलमध्ये प्रत्यक्षात आठ बिट आणि छटा झपाट्याने आलटून-पालटून दाखवण्याची युक्ती असते. व्यवहारात ती चालते.

आकाराचा विचार पिक्सेलच्या घनतेसकट करावा. २७ इंची २५६० × १४४० पडद्यावर इंचाला सुमारे १०९ पिक्सेल बसतात, त्याच आकाराच्या ४के (३८४० × २१६०) पडद्यावर १६३. शार्पनेस आणि नॉइज तपासायला पहिला सोयीचा, कारण १०० टक्के झूमवर दोष ठळक दिसतात. ४केवर तेच दोष लपतात, म्हणून तिथे २०० टक्क्यांवर पाहावे. १२ × ३६ इंची अल्बमचे पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १०,८०० पिक्सेल रुंद होते. ते १४४० पडद्यावर पूर्ण बसवले तर झूम २४ टक्क्यांच्याही खाली जातो, आणि त्या झूमवर पाहून शार्पनिंग ठरवणे व्यर्थ आहे. २४ इंची १६:१० पडद्यावर ए३ कागद खऱ्या मापात मावतो, ही त्या जुन्या आकाराची जमेची बाजू.

कॅलिब्रेशन, म्हणजे पडदा मोजून ठरलेल्या मापांवर आणणे, नसेल तर वरील सारी निवड अर्धीच राहते. ‘प्रिंट काळपट आली’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुधा लॅबमध्ये नसते. नवे मॉनिटर अनेकदा २५० ते ३५० कॅन्डेला प्रति चौरस मीटर एवढ्या उजेडावर सुरू होतात. अशा झगमगाटात चित्र जास्त उजळ वाटते, संपादक ते खाली ओढतो, आणि कागदाला तर स्वतःचा उजेड नसतो. २४० वरून १२० वर येणे म्हणजे कॅमेऱ्याच्या भाषेत एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा. मंद उजेडाच्या खोलीत ८० ते १२० एवढे लक्ष्य ठेवावे.

पद्धत अशी: मॉनिटर फॅक्टरी सेटिंगवर आणावा, डायनॅमिक काँट्रास्ट, इको मोड, विंडोजमधील नाइट लाइट आणि उजेडानुसार आपोआप बदलणारी ब्राइटनेस बंद करावी. अर्धा तास पडदा तापू द्यावा. काँट्रास्टला हात न लावता बॅकलाइट (पॅनेलमागचा दिवा) कमी करून उजेड गाठावा, मग लाल, हिरवा व निळा गेन (त्या रंगाचा जोर) फिरवून पांढरा डी६५ वर (दिवसाच्या उजेडासारखा प्रमाणित पांढरा) आणावा, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात याचे माप) २.२. गेन मॉनिटरमध्येच जुळवण्याचे कारण असे की ती दुरुस्ती ग्राफिक्स कार्डावर सोपवली तर आठ बिटांतल्या काही पायऱ्या गळतात आणि उतारावर पट्टे दिसतात. यानंतर कलरिमीटर (रंग मोजणारे छोटे उपकरण) पडद्यावर टेकवून सॉफ्टवेअरला रंगांचे ठिपके मोजू द्यावेत. तयार झालेले आयसीसी प्रोफाइल (पडदा रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल) संगणकाची प्रणाली वापरू लागते. सरासरी डेल्टा ई (अपेक्षित आणि मोजलेल्या रंगांतला फरक) २ च्या आत आली तर मोजणी समाधानकारक. सॉफ्टवेअरमध्ये बॅकलाइटचा प्रकार चुकीचा निवडला तर मोठ्या पल्ल्याच्या पडद्यावर पांढरा हिरवट किंवा गुलाबी होतो. महागड्या मॉनिटरमधली हार्डवेअर कॅलिब्रेशनची सोय दुरुस्ती पडद्याच्याच १४ किंवा १६ बिटी तक्त्यात लिहिते, म्हणून पायऱ्या फारशा गळत नाहीत. बजेट आखडते असेल तर मॉनिटर एक पायरी खालचा घ्यावा, पण कलरिमीटर वगळू नये. मोजणी महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा करावी. खोलीत रंगीत भिंती आणि पडद्यावर पडणारे खिडकीचे ऊन असेल तर मोजणीचा फायदा निघून जातो.

जोडणीसाठी डिस्प्लेपोर्ट बरा. एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झने चालते, आणि ड्रायव्हरने ‘लिमिटेड’ रेंज (काळ्या-पांढऱ्यामधला टीव्हीसारखा आखूड पल्ला) धरली तर काळा राखाडी दिसतो. ती ‘फुल’ करावी. डिस्प्लेएचडीआर ४०० या (जास्त उजेडाच्या एचडीआर व्हिडिओसाठीच्या) शिक्क्याचा छापील कामाला उपयोग नाही.

घरी आल्यावर, परत करण्याची मुदत असतानाच, अंधारात पूर्ण काळा पडदा लावून कडांतून गळणारा प्रकाश पाहावा, मग एकसारख्या करड्या पडद्यावर एक बाजू गुलाबी आणि दुसरी हिरवट नाही ना ते तपासावे. लाल, हिरव्या, निळ्या व पांढऱ्या पडद्यांवर मेलेले पिक्सेल शोधावेत. एक-दोन पिक्सेलसाठी मॉनिटर बदलून मिळेलच असे नाही, वॉरंटीच्या अटी आधी वाचाव्यात. जुना व्यावसायिक मॉनिटर घ्यायचा तर मेन्यूत वापराचे तास दिसतात का पाहावे, आणि एलईडीपूर्व नळीच्या बॅकलाइटचा असल्यास तो पिवळसर व मंद झालेला असणार हे धरूनच किंमत ठरवावी.