हंपबॅक देवमासे प्रवाळबेटावर जेवायला येत नाहीत

पुण्याहून ऑस्ट्रेलियाला निघालेल्यांना हमखास सांगितलं जातं: लेडी इलियटसारख्या प्रवाळबेटाभोवती मासळी भरपूर, म्हणून हंपबॅक तिथे खायला येतात आणि कधीही गेलं तरी दिसतात. दोन्ही चूक.

त्यांचं खाणं म्हणजे मुख्यतः अंटार्क्टिकाच्या थंड पाण्यातलं क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे इवलेसे जीव. उबदार पाण्यात ते येतात विण्यासाठी आणि मिलनासाठी. तिथे जवळजवळ उपासच. अंगातल्या चरबीवर भागवायचं. जन्मतः पिल्लू चार-साडेचार मीटरचं. आई खाली विसावलेली असताना ते दर काही मिनिटांनी श्वासाला वर येतं. नेमकी तेव्हा बोट जवळ घातली की आईला विसावा सोडून हलावं लागतं, आणि खर्च झालेली चरबी तिथे भरून निघत नाही. म्हणूनच बोटीने किमान १०० मीटर लांब राहायचा नियम आहे, आणि ३०० मीटरच्या आत वेग अगदी कमी. ‘जरा जवळ घ्या ना’ असा आग्रह कृपया धरू नका.

हंगाम साधारण जून ते ऑक्टोबर. मेच्या सुट्टीत लवकर होतं, दिवाळीत उशीर. जुलै-ऑगस्टमध्ये रजा काढा.

आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र अपवाद: ते ध्रुवाकडे जात नाहीत, खाणं आणि वीण दोन्ही इथेच.