कोळशावरची राख आणि तळातली राख

केटल ग्रिलमध्ये, म्हणजे झाकण असलेल्या गोल भांड्यासारख्या कोळशाच्या शेगडीत, राख दोन ठिकाणी असते. एक निखाऱ्याच्या अंगावर पातळ थर धरून बसते, तर दुसरी कोळशाच्या जाळीतून गळून भांड्याच्या तळाशी साचते. रंगाने दोन्ही सारख्याच करड्या असल्या, तरी पहिली विस्तव धरल्याची खूण असते आणि दुसरी त्याच विस्तवाची हवा कोंडते. नवख्या माणसाची गफलत बहुधा उलट्या दिशेने होते: तो चिमट्याने वरची राख झाडत बसतो आणि खालच्या राखेकडे ढुंकूनही पाहत नाही.

तळातल्या राखेला या ग्रिलमध्ये इतके महत्त्व का आहे, हे त्याच्या घडणीवरून कळते. 1952 मध्ये शिकागो परिसरातील वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन याने, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी तयार होणारे धातूचे अर्धगोल घेऊन हा ग्रिल बनवला. खालचा अर्धा भाग भांडे झाला आणि वरचा झाकण. झाकण नसलेल्या ग्रिलला चहूबाजूंनी हवा मिळते. केटलचे झाकण लावले की मात्र ती तळाच्या भोकांतूनच आत येते आणि झाकणावरच्या झडपेतून बाहेर पडते. अर्थात राख नेमकी हवेच्या वाटेवरच पडत असते.

आधी वरच्या राखेविषयी. धुरांड्यासारख्या पत्र्याच्या नळकांड्यात कोळसा पेटवला, तर साधारण 15 ते 20 मिनिटांत वरच्या कोळशांच्या कडा करड्या होऊ लागतात आणि सुरुवातीचा दाट धूर ओसरतो. कोळसे जाळीवर ओतण्याची वेळ ती हीच. भर दुपारच्या उन्हात राखेखालची लाली दिसत नाही, म्हणून विस्तव मंदावला असे वाटते. तोच निखारा संध्याकाळी लालबुंद दिसतो. मात्र ही राख कोळसा पेटला एवढेच सांगते, धग किती आहे ते सांगत नाही. त्यासाठी अन्नाच्या जाळीच्या वर सुमारे पाच इंचांवर तळहात धरावा. दोन ते चार सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर आच कडक आहे, आठ-दहा सेकंद सहज धरता आला तर मंद.

राखेच्या या खुणेवर डोळे झाकून विसंबू नये, याला आणखी एक कारण आहे. लाकडाचे ओबडधोबड तुकडे असलेला कोळसा जळून थोडीच आणि हलकी राख उरते. साच्यात दाबलेल्या ब्रिकेट्समध्ये कोळशाच्या भुकटीबरोबर स्टार्च असतो आणि काहींमध्ये चुनखडीही घातलेली असते. ही चुनखडी जळत नाही, तर राखेला पांढरा रंग देते. म्हणजे ब्रिकेटवरचा तो शुभ्र थर काही अंशी कारखान्यातूनच आलेला असतो. शिवाय ब्रिकेट्सची राख अधिक पडत असल्यामुळे तळही लवकर भरतो.

तळातल्या राखेचा उपद्रव लांबणाऱ्या स्वयंपाकात जाणवतो. अख्खी कोंबडी किंवा मोठा मांसाचा तुकडा झाकणाखाली तासन्‌तास शिजत असताना उष्णता हळूहळू उतरू लागते. मग वरची झडप पूर्ण उघडली जाते, झाकण काढून पाहिले जाते, नवा कोळसा टाकला जातो. झाकण उघडताच विस्तव क्षणभर भडकतो, त्यामुळे कोळसा पुरेसा आहे हे उघड होते. कमी पडत असते ती हवा. अनेक केटल ग्रिलच्या तळाशी तीन पाती असतात आणि बाहेरच्या दांड्याने ती फिरतात. याच पात्यांनी भोके कमी-जास्त उघडतात आणि राखही खालच्या थाळीत किंवा डब्यात लोटली जाते. दांडा दोन-तीन वेळा सावकाश फिरवला, तर एवढ्यानेच बहुधा काम होते. तो खडाखडा हलवला की बारीक राख उडून अन्नावर बसते. अमेरिकेतल्या मराठी घरांत केटलवर भरतासाठी वांगी भाजताना याचे काही वाटत नाही, कारण साल काढूनच टाकायचे असते. लोणी लावलेल्या मक्याच्या कणसाचे मात्र तसे नाही. राख लोटून झाल्यावर दांडा पूर्वीच्या जागी आणण्याचेही विसरू नये, नाहीतर भोके सताड उघडी राहून आच हाताबाहेर जाते.

स्वयंपाक आटोपल्यावर दोन्ही राखा सारख्याच फसव्या होतात. वरची आणि खालची वाट बंद केली की कोळसा गुदमरून विझतो, पण लगेच नव्हे. राखेतून उष्णता फार सावकाश बाहेर पडते. रात्री चुलीतला विस्तव राखेत पुरून सकाळपर्यंत राखण्याची आपल्याकडची रीत याच गुणावर चालत असे, आणि कचऱ्याच्या प्लास्टिक डब्याला किंवा लाकडी ओट्याला आग लागते ती याच गुणामुळे. म्हणून राख काढण्यापूर्वी 48 तास थांबावे असे साधारणपणे सांगतात. घाई असेल तर ती झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून बादली घरापासून दूर ठेवावी. धूर दिसत नाही म्हणून ग्रिल गॅरेजमध्ये ढकलणे तर जिवावर बेतू शकते, कारण धुमसणारा कोळसा दिसत नाही आणि वासही येत नाही असा कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो.

थंड झालेली राख तळात आठवडेच्या आठवडे ठेवणेही बरे नाही. पावसाचे पाणी लागले की ती घट्ट थापली जाऊन पाती अडकवते, आणि तिच्यातल्या क्षारांमुळे ॲल्युमिनियमची थाळी कुरतडली जाते. अर्धवट जळलेले कोळसे मात्र टाकू नयेत. पुढच्या वेळी ते जाळीवरच हलवून त्यांची राख खाली पाडावी, तळ साफ करावा आणि नव्या कोळशाबरोबर ते पुन्हा पेटवावेत.